प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

(ज्युबिली महोत्सवानिमित्त शहाड येथें दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मग्रामाचा इतिहास सांगावा, दात्यांचे आभार मानावे, गायकवृंदाचें कौतुक करावें, असा आपला शिष्टसंप्रदाय आहे. आम्हांकडे आलेला विषय त्याहून अगदीं निराळा आहे. आपल्या समाजांतील ज्या वयस्क पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथि शस्त्रक्रियेनें काढण्यांत आली आहे, अशा आम्हीं कांहीं जणांनीं आपापले अनुभव एकत्र केले, डॉक्टरांकडून मिळालेल्या ज्ञानाची त्यांस जोड दिली, आणि तें सर्व आपणांपुढें मांडावें असें ठरविलें. आम्ही वैद्य नव्हे. आमचें बोलणें हें डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागीं कोणीं घेऊं नये. त्या सल्ल्याच्या सोबतीला घ्यावें.

हा विषय येथें कां आणावा, असें कोणी विचारील. त्यास उत्तर सोपें आहे. मोतीबिंदु निघाला तर मनुष्य शेजाऱ्यास हांक मारून सांगतो. गुडघा बदलला तर तो किती वांकतो हें चार लोकांत दाखवितो. हृदयाची शस्त्रक्रिया झाली तर छातीवरील व्रणाविषयीं तो जवळजवळ अभिमानानें बोलतो. परंतु लघवीच्या जागेचें दुखणें झालें कीं तोच मनुष्य तोंडास कुलूप घालतो. घरांतील मुलांस "किरकोळ ऑपरेशन आहे" एवढेंच सांगण्यांत येतें, आणि पुढें रविवारच्या मिस्सेस त्याची नेहमींची जागा रिकामी राहूं लागते. कोणास वाटतें तो अशक्त झाला आहे, कोणास वाटतें त्याची श्रद्धा थंडावली. खरें कारण इतकेंच असतें कीं, तासभर बसून उठल्यावर विजारीवर ओलावा दिसेल अशी त्यास धास्ती असते. ह्या मौनामुळें माणसें समाजांतून हळूहळू गळतात. तें मोडावें एवढाच आमचा हेतु आहे.

प्रथम ग्रंथीविषयीं थोडेंसें. प्रोस्टेट, जिला मराठींत पुरःस्थ ग्रंथि म्हणतात, ती केवळ पुरुषांस असते. ती मूत्राशयाच्या खालीं असून मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. तरुणपणीं ती अक्रोडाएवढी असते. वय वाढत जातें तशी पुष्कळांत ती वाढते आणि मधला मार्ग दाबते. मग लघवीची धार बारीक होते, रात्रीं वारंवार उठावें लागतें, क्वचित् लघवी अजिबात अडते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. औषधांनीं भागलें नाहीं तर वाढलेला आंतील भाग काढतात आणि बाहेरचें कवच तसेंच राहूं देतात. आज हें काम बहुधा मूत्रमार्गांतूनच दुर्बीण घालून होतें. कर्करोग झाला असतां मात्र, तो ग्रंथीच्या बाहेर पसरला नसेल तर, कवचासह संपूर्ण ग्रंथि काढतात आणि मूत्राशयाचें तोंड मूत्रमार्गास पुनः जोडतात. ह्या दोन शस्त्रक्रियांचें नांव लोकांच्या तोंडीं एकच असलें, तरी बरें होण्याची वाट निराळी आहे. पहिलींत नळी बहुधा दोनतीन दिवसांत निघते. दुसरींत ती एक ते दोन आठवडे राहते आणि पुढील सुधारणेस महिने लागतात. तेव्हां शेजारच्याचें आठ दिवसांत झालें, आमचें कां होत नाहीं, असें म्हणून कोणीं खिन्न होऊं नये. प्रथम आपली शस्त्रक्रिया कोणती हें विचारून घ्यावें. आणखी एक गोष्ट. पहिल्या प्रकारांत कवच शिल्लक राहत असल्यामुळें त्यांत पुढें कर्करोग होण्याचा संभव उरतोच. म्हणून तपासणी सोडतां येत नाहीं.

ह्या विद्येचा आपल्या देशाशींहि संबंध आहे. आयर्लंडच्या गॉलवे परगण्यांत १८५१ सालीं जन्मलेले पीटर फ्रेयर हे १८७५ मध्यें इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्यें दाखल झाले आणि पुढील सुमारें वीस वर्षें त्यांनीं उत्तर हिंदुस्थानांत मूतखड्याच्या शस्त्रक्रियांत हात मुरविला. लंडनला परतल्यावर १ डिसेंबर १९०० रोजीं सेंट पीटर्स रुग्णालयांत त्यांनीं ओटीपोटाकडून मूत्राशय उघडून वाढलेली ग्रंथि बोटानें सोडवून काढली, आणि ही रीत जगभर रूढ केली. १९०४ सालीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथें ह्यू हॅम्प्टन यंग यांनीं कर्करोगाकरितां संपूर्ण ग्रंथि काढली. १९४५ सालीं टेरेन्स मिलिन या आयरिश शल्यवैद्यानें मूत्राशय न उघडतां ग्रंथीपर्यंत पोंचण्याची रीत प्रसिद्ध केली. १९८२ सालीं पॅट्रिक वॉल्श यांनीं ग्रंथीच्या दोन्ही बाजूंनीं जाणाऱ्या सूक्ष्म नसा ओळखून त्या वांचविण्याची पद्धत घालून दिली. आतां लहान छिद्रांतून, यंत्राच्या हातांनींहि हें काम होतें. ज्या शस्त्रक्रियेस आमचे आजोबा मृत्यूचें दार समजत, तिच्यांतून आज माणसें चालत घरीं येतात, हें ह्या परंपरेचें फळ होय.

येथें एका थोर रुग्णाचें स्मरण करणें उचित आहे. १९६४ च्या डिसेंबरांत आंतरराष्ट्रीय युखॅरिस्तिक परिषदेसाठीं पोप सहावे पॉल मुंबईस आले. ओव्हल मैदानावर त्यांचें दर्शन घेतलेलीं वडीलधारीं माणसें पुष्कळ घरांत होतीं. त्यानंतर तीनच वर्षांत त्यांस प्रोस्टेटच्या वाढीनें गांठलें. ४ नोव्हेंबर १९६७ रोजीं व्हॅटिकनमध्येंच उभारलेल्या शस्त्रक्रियागृहांत प्रोफेसर पिएत्रो वाल्दोनी यांनीं त्यांजवर शस्त्रक्रिया केली. त्या वेळीं त्यांचें वय ७० वर्षांचें होतें. त्यांच्या दुखण्याचें नांव जगापासून लपविण्यांत आलें नाहीं. सात आठवड्यांनीं, २३ डिसेंबर रोजीं, त्यांनीं अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांची भेट घेतली. १९६८ च्या ऑगस्टांत ते कोलंबियांतील बोगोटा येथें गेले. १९७० मध्यें मनिला आणि ऑस्ट्रेलियापर्यंतचा प्रवास त्यांनीं केला. शस्त्रक्रियेनंतर जवळजवळ अकरा वर्षें त्यांनीं ख्रिस्तसभेची धुरा वाहिली. दक्षिण आफ्रिकेचे नेल्सन मंडेला यांजवर १९८५ सालीं बंदिवासांत असतांनाच प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली. १९९० मध्यें ते सुटले आणि १९९४ मध्यें राष्ट्राध्यक्ष झाले. ह्या दोघांची शस्त्रक्रिया साध्या वाढीकरितां होती, हें आम्ही स्पष्ट सांगतों. तथापि ह्या दुखण्यानें पुरुषाचें कर्तृत्व संपतें, ह्या समजुतीस त्यांचें पुढील आयुष्य हेंच उत्तर आहे.

आतां संपूर्ण ग्रंथि काढल्यानंतरच्या दिवसांकडे वळूं. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशीं परिचारिका आपणांस उठवून चालावयास लावते. तें निर्दयपणाचें लक्षण नव्हे. निजून राहिल्यानें पायांच्या शिरांत रक्त गोठण्याची भीति असते, आणि चालणें हा तिजवरील पहिला उपाय आहे. घरीं येतांना लघवीची नळी व पिशवी सोबत असते. पिशवी नेहमीं मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर ठेवावी. नळीस पीळ पडूं देऊं नये. ती मांडीला चिकटपट्टीनें बांधावी, म्हणजे ताण बसत नाहीं. नळीच्या मुळाशीं रोज साबण व पाण्यानें स्वच्छता करावी आणि पिशवी रिकामी करण्यापूर्वीं व नंतर हात धुवावे. लघवीस गुलाबी रंग येणें, शौचाच्या वेळीं नळीच्या बाजूनें थोडा ओलावा येणें, हें पुष्कळांस होतें. मात्र ती नळी स्वतः किंवा ओळखीच्या कंपाउंडराकडून काढवूं नये. आंत नवा जोड भरून येत असतो. शल्यवैद्याच्या सांगण्यावांचून तिला हात लावणें धोक्याचें आहे.

पहिले चार ते सहा आठवडे जड वजन उचलूं नये. हें ऐकावयास सोपें, पण आपल्या भागांत पाळावयास कठीण आहे. नळास पाणी आलें कीं बादल्या भरावयाच्या असतात. गॅसचें सिलिंडर सरकवावयाचें असतें. बाजाराची पिशवी हातांत येते. ज्यानें आयुष्यभर कारखान्यांत पाळ्या केल्या, त्यास सुनेनें बादली उचललेली पाहवत नाहीं. त्या घरांतील मुलांस आमची विनंति आहे कीं, वडिलांनीं मागण्याची वाट न पाहतां तें काम आपण करावें. सायकल व मोटारसायकल कांहीं आठवडे दूर ठेवावी, कारण बसण्याच्या जागेवर येणारा भार नेमका जोडाजवळ पोंचतो. रिक्षा करावी लागली तर खड्ड्यांचा रस्ता टाळून थोडें लांबून जावें. चालणें मात्र रोज थोडें थोडें वाढवावें.

मलावरोध हा ह्या दिवसांतला मोठा शत्रु आहे. शौचास कुंथल्यानें आंतील जोडावर ताण पडतो. भात-कढीबरोबर पालेभाजी, पपई, डाळी यांचा घांस असावा; डॉक्टर सांगतील तें रेचक घ्यावें; पण त्यांस विचारल्यावांचून एनिमा घेऊं नये. लघवी गळेल ह्या भीतीनें कित्येक जण पाणी तोडतात. त्यानें लघवी दाट होऊन मूत्राशयास अधिक झोंबते आणि घाई वाढते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्यास वेगळा नियम दिला नसेल, तर दिवसभरांत सुमारें दोन लिटर पाणी बेताबेतानें घ्यावें. संध्याकाळनंतर कमी करावें. चहा-कॉफी आणि मद्य यांस आवर घालावा.

नळी निघाली कीं खरी परीक्षा सुरू होते. मूत्राशयास जणूं दोन दरवाजे असतात. वरचा दरवाजा ग्रंथीजवळ असतो आणि शस्त्रक्रियेंत त्याचें बळ बहुतेक जातें. खालचा दरवाजा म्हणजे स्नायूचें एक कडें, त्यास पूर्वीं थोडें काम होतें, आतां सर्व भार त्याजवर येतो. म्हणून उठतांना, खोकतांना, हंसतांना लघवी गळते. रात्रीं निजल्यावर बहुधा कमी गळते. संध्याकाळीं तो स्नायु थकल्यावर अधिक गळते. हें ठाऊक असलें म्हणजे सकाळीं सुधारलों आणि सायंकाळीं बिघडलों अशी निराशा होत नाहीं. बहुतेकांची स्थिति तीन ते सहा महिन्यांत पुष्कळ सुधारते आणि पुढें वर्षभर सुधारणा चालूच राहते. ज्यांची वर्षानंतरहि सुधारत नाहीं त्यांजसाठीं आणखी उपाय आहेत, पुनः शस्त्रक्रियाहि आहे. गप्प बसून सोसण्याचें कारण नाहीं.

ह्या खालच्या स्नायूस व्यायाम द्यावा लागतो. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनीं १९४८ सालीं बाळंतिणींकरितां तो प्रसिद्ध केला. आज तो पुरुषांसहि शिकवितात. वारा सरूं नये म्हणून आपण जो स्नायु आंत ओढतों, तोच हा. पोट, मांड्या व नितंब सैल ठेवून, श्वास न रोखतां, तो आंत ओढावा आणि मनांत पांचपर्यंत मोजून सोडावा. तितकीच विश्रांति घ्यावी. असें दहा वेळां, दिवसांतून तीनदां करावें. शस्त्रक्रियेपूर्वींच शिकून ठेवल्यास उत्तम; नळी आंत असतांना करूं नये; नळी निघाल्यावर डॉक्टरांच्या अनुमतीनें पुनः आरंभ करावा. उठण्यापूर्वीं आणि खोकल्यापूर्वीं क्षणभर तो आवळण्याची संवय लावावी. प्रत्येक वेळीं लघवीची धार मध्येंच अडवून मात्र ह्याचा सराव करूं नये. अधिक केल्यानें अधिक लाभ होतो असें नाहीं. थकलेला स्नायु अधिकच गळतो.

पॅड किंवा डायपर वापरण्याची लाज वाटूं देऊं नये. चष्मा, काठी, कवळी यांच्यासारखेंच तें एक साधन आहे, आणि बहुतेकांस तें थोड्या काळापुरतें लागतें. रोज किती पॅड लागले हें वहींत टिपून ठेवावें. महिन्यानें मागील पान पाहिलें म्हणजे डोळ्यांस न दिसणारी प्रगति आंकड्यांत दिसते. परळच्या किंवा दादरच्या बाजूस तपासणीस जावयाचें असल्यास दोन पॅड व एक विजार पिशवींत ठेवावी. कसाऱ्याच्या गाड्या थोड्या, पुष्कळदां कल्याणास बदलावें लागतें, आणि लोकलमध्यें शौचालय नसतें. तेव्हां घरून निघतांना आणि कल्याणास उतरल्यावर, घाई नसली तरी, जाऊन यावें.

आतां पतिपत्नींच्या एकांताविषयीं दोन शब्द, आणि ते स्पष्ट. ज्या नसा वॉल्श यांनीं दाखवून दिल्या, त्यांवर पुरुषाची ती शक्ति अवलंबून असते. त्या वांचविल्या तरी सुन्न होतात आणि जाग्या होण्यास वर्ष, कधीं दोन वर्षें लागतात. रोगामुळें त्या वांचवितां आल्या नाहींत तर ती शक्ति बहुधा आपोआप परत येत नाहीं. वीर्य कायमचें थांबतें. परंतु प्रेम, स्पर्श व सुखाची जाणीव नाहींशी होत नाहीं. औषधें आणि इतर उपाय आहेत. पण ते डॉक्टरांकडूनच घ्यावे, कारण छातीच्या दुखण्यासाठीं नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्यास ह्यांतील कांहीं औषधें प्राणघातक ठरतात. बंधूंनो, आपल्या पत्नीस तुमचें अबोलपण जितकें बोचतें तितकें दुसरें कांहीं बोचत नाहीं. भगिनींनो, तो दूर निजतो तो रागानें नव्हे, कमीपणाच्या भावनेनें. डॉक्टरांच्या खोलींत शक्यतों दोघांनीं मिळून जावें.

कर्करोगाकरितां शस्त्रक्रिया झालेल्यानें एक गोष्ट कधींहि विसरूं नये. रक्ताची पी.एस.ए. नांवाची तपासणी साधारणतः सहा ते आठ आठवड्यांनीं प्रथम होते. ग्रंथि पूर्ण निघाल्यामुळें तो आंकडा जवळजवळ शून्यावर, म्हणजे ०.१ च्या खालीं यावा अशी अपेक्षा असते. पुढें पहिलीं कांहीं वर्षें दर थोड्या महिन्यांनीं आणि मग वर्षांतून एकदां ती करावी. आंकडा वाढूं लागला तर तो लवकर कळणें महत्त्वाचें, कारण त्या वेळीं किरणोपचारासारखे उपाय करतां येतात. अहवालाच्या आदल्या रात्रीं झोंप लागत नाहीं, हें आम्हां सर्वांस माहीत आहे. तरीहि तपासणी चुकवूं नये.

धोक्याचीं चिन्हेंहि ध्यानांत ठेवावीं: थंडी वाजून ताप येणें, नळींतून लघवी येणें बंद होणें, किंवा नळी निघाल्यावर लघवी अडणें, रक्ताच्या गाठी जाणें, एका पायाची पोटरी सुजून दुखणें, छातींत दुखणें किंवा धाप लागणें, जखमेंतून पू येणें. यांपैकीं कांहींहि झाल्यास सकाळची वाट पाहूं नये, त्याच वेळीं रुग्णालय गांठावें.

शेवटीं आपल्या धर्मग्रामाकडे आम्ही तीन गोष्टी मागतों. पहिली, मंदिराच्या दाराजवळील बांकाची कडेची जागा अशा माणसांसाठीं न बोलतां मोकळी ठेवावी, आणि मिस्सा चालू असतांना कोणी उठून बाहेर गेला तर मागें वळून पाहूं नये. दुसरी, पुरुषांच्या शौचालयांत झांकणाची एक कचरापेटी ठेवावी. स्त्रियांच्या बाजूस ती असते. पुरुषास पॅड टाकावयाचें झालें तर तो खिशांत घालून घरीं नेतो. दोन-तीनशें रुपयांची ही वस्तु एखाद्या माणसास रविवारीं मंदिरांत परत आणील. तिसरी, ज्याची शस्त्रक्रिया ठरली आहे त्याच्या घरीं, त्याची संमति असल्यास, ती झालेल्या एकानें जाऊन बसावें. पॅरिसमध्यें १८३३ सालीं फ्रेडरिक ओझनाम आणि त्यांच्या मित्रांनीं सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचा आरंभ केला, तो गरिबांच्या घरीं जाऊन भेटण्यापासूनच. एकट्या राहणाऱ्या विधुरास तर ह्या भेटीची फारच गरज असते.

रोग्यांच्या अभ्यंगसंस्काराविषयींहि एक गैरसमज अजून आढळतो, कीं तो केवळ मरणोन्मुखासाठीं आहे. ३० नोव्हेंबर १९७२ रोजीं, म्हणजे स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर पांच वर्षांनीं, पोप सहावे पॉल यांनीं ह्या संस्काराच्या नव्या विधीस मान्यता दिली. गंभीर आजारामुळें शस्त्रक्रिया होणार असेल तर तिच्यापूर्वीं हा संस्कार घेतां येतो. तेव्हां धर्मगुरूंस बोलावणें म्हणजे आशा सोडणें नव्हे. रुग्णालयाच्या दारांतून एकट्यानें आंत जावें लागूं नये, म्हणून तें बोलावणें आहे.

बंधुभगिनींनो, बरें होणें ह्याचा अर्थ सर्व कांहीं पूर्वींसारखें होणें असा नाहीं. जें उरलें आहे त्यासह पुनः आपल्या माणसांत बसतां येणें, एवढा त्याचा अर्थ आम्हांस समजला. त्यासाठीं रुग्णानें धीर धरावा, घरानें समजून घ्यावें आणि समाजानें जागा करून द्यावी. ज्यांची शस्त्रक्रिया व्हावयाची आहे त्यांनीं आज सभा संपल्यावर आम्हांस भेटावें. आम्ही दाराजवळच्या बांकावर बसलेले असूं.